विम्याच्या कागदावरची ओळ आणि इंद्रायणीत बुडालेली कर्जखते

वडिलांच्या लोखंडी ट्रंकेत तळाशी एक प्लॅस्टिकची पिशवी असायची. तिच्यात शेताचा सातबारा, रेशनकार्ड, आईच्या पाटल्यांची सोनाराकडची पावती आणि एलआयसीच्या पॉलिसीचे कागद. पावसाळ्यात घर गळायला लागलं की आधी ती पिशवी वर उचलायची, मग अंथरुणं. पॉलिसीवर दोन हातांच्या आडोशात जपलेली एक ज्योत छापलेली होती आणि सोबत संस्कृत अक्षरं: योगक्षेमं वहाम्यहम्. मला ते बरीच वर्षं कंपनीचंच नाव वाटायचं.

ती ओळ गीतेतली आहे. नवव्या अध्यायातल्या बाविसाव्या श्लोकाचा शेवट. १९५६ साली स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने ती आपलं ब्रीद म्हणून घेतली आणि देवाने भक्ताला दिलेलं वचन घराघरांत हप्त्याच्या पावतीसोबत पोचलं. विम्याला शोभणारी ओळ आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण आपल्यापैकी अनेकांच्या मनात तिचा अर्थही विम्यासारखाच बसला आहे: आपण भक्तीचे हप्ते भरायचे आणि देवाने आपल्या घरादाराची, नोकरीची, सोन्यानाण्याची हमी घ्यायची.

“पैशाचा काय भरवसा, भरवसा देवाचा” हे वाक्य आपण कीर्तनात, मयताच्या घरी, थोरल्यांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलेलं असतं. ते खरं आहे असं मी मनापासून मानते. पण ते नेमकं काय सांगतं, हे कुणी उलगडून सांगत नाही. म्हणजे पैसे साठवू नयेत का? विमा काढू नये का? की देव आपल्या पैशांची राखण करेल असं समजावं? मला वाटतं, यांपैकी काहीच नाही. ते का, हे समजून घ्यायला आधी त्या ओळीतले दोन-तीन शब्द हळू वाचावे लागतात.

योग म्हणजे इथे आसनं-प्राणायाम नव्हे. शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात याचा सरळ अर्थ दिला आहे: जे मिळालेलं नाही ते मिळणं म्हणजे योग, आणि जे मिळालं त्याचं रक्षण म्हणजे क्षेम. माणसाची जवळजवळ सगळी काळजी या दोन शब्दांत मावते. नोकरी लागेल का, घर होईल का, मुलीचं जमेल का, ही योगाची काळजी. नोकरी टिकेल का, घराचे हप्ते फिटतील का, मुलगी सासरी सुखात राहील का, ही क्षेमाची.

आणि या दोघींत एक मोठा फरक आहे. योगाची काळजी कधीतरी संपते. आईला पाटल्या करायला चार वर्षं लागली; भिशीचे पैसे, गाईच्या दुधाचे पैसे असं जमवत जमवत एका दिवाळीला त्या झाल्या. योग संपला. त्यानंतरची चाळीस वर्षं क्षेम चालू आहे. एसटीत बसताना हातावर पदर ओढून घ्यायचा. लग्नात घालायच्या आणि रात्रभर उशाखाली ठेवून जागं राहायचं. मग बँकेत लॉकर घेतलं, तर लॉकरची किल्ली कुठे ठेवायची यावर घरात चर्चा. वस्तू जितकी मोलाची तितकं तिचं राखणं जड. आपण म्हणतो की सोनं अडीअडचणीला आधार देतं, आणि ते खोटं नाही. पण रोजच्या रोज पाहिलं तर आईच त्या सोन्याला आधार देत होती.

गरिबाला काळजी नसते असं मला म्हणायचं नाही. ज्याच्या घरात उद्याचं पीठ नाही त्याची काळजी श्रीमंताच्या काळजीपेक्षा कितीतरी खरी आणि तातडीची असते. म्हणून हा विषय भुकेल्या माणसाला उपदेश करण्याचा नाहीच. ज्यांच्याकडे थोडंफार आहे, आणि असूनही रात्री झोप लागत नाही, त्यांनी स्वतःला विचारण्याचा आहे.

आता तिसरा शब्द: वहामि. याचा अर्थ “देतो” असा नाही. संस्कृतात देतो याला साधा शब्द आहे, ददामि. पुढच्याच अध्यायात कृष्ण तो वापरतोही. तिथे तो म्हणतो की मी भक्तांना बुद्धी देतो, जिच्यामुळे ते माझ्यापर्यंत पोचतात. इथे मात्र वहामि. आपल्या मराठीतलं वाहणं: ओझं वाहणं, पाणी वाहणं, खांद्यावर पालखी वाहणं. मी तुला घर देईन, दागिने देईन असं वचन या ओळीत नाही. तुझ्या डोक्यावरचा भार मी माझ्या डोक्यावर घेतो, असं आहे. शिवाय श्लोकाच्या पहिल्या अर्ध्या भागात अटही आहे: अनन्य होऊन जे माझं चिंतन करतात, त्यांचा. अनन्य म्हणजे ज्यांना दुसरा आधारच उरला नाही, किंवा असूनही ज्यांनी तो आधार मानला नाही.

ज्ञानेश्वरांनी हा श्लोक उलगडताना जे केलं आहे ते मला फार मोलाचं वाटतं. ते लेकराचं उदाहरण घेतात. तान्ह्या बाळाला स्वतःची तहानभूक कळत नाही, त्याला बरं काय ते आईनेच करायचं असतं. तसं जे जिवाभावाने माझ्यामागे आले त्यांचं सगळं मी करतो, असं देव म्हणतो. सगळं म्हणजे काय? आपण सगळेच पुढची ओवी वाचताना कान टवकारतो, कारण इथे यादी येणार असं वाटतं. आणि यादी येतेही. त्यांना माझ्यात मिसळून जायची ओढ असेल तर मी ती पुरवतो. सेवाच करायची आहे म्हणाले तर मी त्यांना प्रेम देतो. मनात ते जो जो भाव धरतील तो तो मी देतो. धान्य, सोनं, जमीन, यश यांचं नावही नाही. पुढे असंही येतं की जे दिलं त्याचा निर्वाहही मीच करतो. म्हणजे क्षेम आहे, पण ते प्रेमाचं क्षेम आहे. भक्ती टिकवण्याची जबाबदारीसुद्धा भक्ताची एकट्याची नाही, असा त्याचा अर्थ मला लागतो, आणि ज्याने कधी नेमाने नामस्मरण करायचा प्रयत्न करून ते सोडून दिलं आहे त्याला यात केवढा दिलासा आहे ते कळेल.

वसईच्या किंवा गोव्याच्या चर्चमध्ये वाढलेल्या वाचकांना इथे येशूचं डोंगरावरचं प्रवचन आठवेल. मत्तयाच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात येशू आकाशातल्या पाखरांकडे बोट दाखवतो: ती पेरत नाहीत, कापत नाहीत, कोठारांत साठवत नाहीत, तरी स्वर्गातला पिता त्यांना खायला घालतो. त्याच अध्यायात, जिथे तुमचं धन तिथे तुमचं मन, हेही येतं. पाखरू सकाळी घरट्यातून उडून दिवसभर दाणे टिपतंच की. ते कष्ट सोडत नाही, फक्त कोठाराच्या कडीकुलपाची चिंता त्याला नसते.

तर, देवाकडे सुरक्षितता मागण्याच्या दोन रीती आहेत आणि आपण त्यांची सारखी गल्लत करतो. पहिली रीत म्हणजे देवाला राखणदार करणं. माझी तिजोरी आहे, तिच्या दाराशी तू उभा राहा. नवस बोलताना, दिवाळीत वहीपूजन करताना, नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधताना आपण बहुतेक वेळा हेच करतो. मी त्याला नावं ठेवत नाही. भ्यालेल्या माणसाने हात जोडले तर त्यात चूक काय? पण इथे खरा आधार तिजोरीच असते. तिजोरी फुटली की राखणदाराला जाब विचारला जातो, आणि माणूस दोन्हीकडून उघडा पडतो. दुसऱ्या रीतीत देव हाच आधार असतो, आणि तिजोरी ही नुसती एक वस्तू, कामाची, जपून वापरायची. ही दुसरी रीत कशी दिसते, हे पाहायला देहूला जावं लागतं.

देहूचा वाणी

तुकोबांचं घर खाऊनपिऊन सुखी होतं. शेती, वाणसामानाचा धंदा, महाजनकी आणि थोडी सावकारी. त्यांना आपण भोळा, व्यवहार न कळणारा माणूस समजतो, ते बरोबर नाही. तराजू, माप, उधारी, मुद्दल, व्याज हे शब्द त्यांच्या अभंगात इतक्या सहज येतात की ते दुकानात बसल्याशिवाय येणार नाहीत. वडील गेले, आई गेली, आणि १६३० च्या सुमारास दख्खनवर भयंकर दुष्काळ आला. तुकोबा तेव्हा ऐन विशीतले. धंदा बसला, दिवाळं निघालं, गावातली पत गेली. पहिली बायको रखमा उपासमारीत मेली. त्यांनी स्वतःच हे लिहून ठेवलं आहे: “दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥”

या ओळीपाशी थांबल्याशिवाय पुढे जाणं मला अप्रामाणिक वाटतं. भरवशाबद्दल लिहिणारे बरेचजण इथून झपाट्याने पुढे जातात. एक बाई अन्न अन्न करत मेली. तिचा योगक्षेम कुणी वाहिला? मला याचं उत्तर देता येत नाही, आणि या ओळीत तुकोबांनीही दिलेलं नाही. देवाने हे माझ्या भल्यासाठी तिच्यावर आणलं, असं ते या अभंगात म्हणत नाहीत. ते म्हणतात की जिवाला लाज वाटली, या दुःखाने मी त्रासलो. दुसऱ्या एका अभंगात ते म्हणतात, “बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली ॥” पण हे वाक्य ते स्वतःच्या दिवाळ्याबद्दल म्हणतात, आणि मागे वळून पाहताना म्हणतात. दुसऱ्याच्या दारात उभं राहून “बरं झालं तुझं दिवाळं निघालं, आता देव आठवेल” असं म्हणण्याचा अधिकार त्यातून कुणालाच मिळत नाही.

दुष्काळ सरल्यावर तुकोबांनी काय केलं? आधी गावातलं मोडकळीला आलेलं विठ्ठलाचं देऊळ दुरुस्त केलं. पुन्हा दुकान उभं करायचं सोडून देऊळ. आणि मग ती गोष्ट घडली जी परंपरेने फार जिव्हाळ्याने जपली आहे.

घरात कर्जखतांचं गाठोडं होतं. दुष्काळात धान्य गेलं, गुरं गेली, पण लोकांना दिलेल्या कर्जाचे कागद शिल्लक होते. आजच्या भाषेत सांगायचं तर तेवढीच त्यांची मालमत्ता उरली होती. वसुली केली असती तर धंदा पुन्हा उभा राहिला असता. तुकोबांनी ते गाठोडं इंद्रायणीत बुडवायचं ठरवलं. धाकटा भाऊ कान्होबा म्हणाला, दादा, तुम्ही साधू झालात, मला मात्र माझं घर चालवायचं आहे. तेव्हा तुकोबांनी खतांच्या दोन वाटण्या केल्या. कान्होबांची अर्धी खतं कान्होबांना दिली आणि आपल्या वाटणीची तेवढी नदीत सोडली.

या कथेत दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही सहज नजरेतून सुटतात.

पहिली कान्होबांची. स्वतःचा भरवसा कितीही पक्का असला तरी भावाच्या वाटणीला हात लावायचा नाही. ज्याच्या मनात अजून तो आधार तयार झालेला नाही, त्याच्या हातातली काठी काढून घ्यायची नाही. त्याग हा ज्याचा त्याने करायचा असतो. जे बुवा-महाराज भक्तांना आपली बचत मठात द्यायला सांगतात आणि वर तुकोबांचा दाखला देतात, ते कथेचा हा अर्धा भाग गाळतात.

दुसरी गोष्ट मला स्वतःला फार उशिरा दिसली. ते कागद नेमके कशाचे होते? इतर माणसांच्या देण्याचे. दुष्काळातून कसाबसा जगलेला कुणी शेतकरी, त्याचं नाव त्या खतावर. तुकोबांच्या घरातली सुरक्षितता ही त्या माणसाच्या घरातली भीती होती. एकच कागद, दोन बाजू. तो नदीत गेला तेव्हा एक वाणी कफल्लक झाला, पण त्याच क्षणी कितीतरी घरं मोकळी झाली. त्यांना आता दारावर कुणी येणार नव्हतं. म्हणून मला असं ठामपणे वाटतं की देवावरचा भरवसा ही फक्त एका माणसाच्या मनःशांतीची बाब नाही. माझा आधार जर साठवलेल्या वस्तूंत असेल, तर मला त्या कुणाकडून तरी वसूल कराव्या लागतात, कुणापासून तरी राखाव्या लागतात. प्रत्येक येणाऱ्याकडे मी थोड्या संशयाने पाहते. आधार दुसरीकडे गेला की समोरचा माणूस देणेकरी राहत नाही.

शिवाजी महाराजांनी दिवट्या, छत्री, घोडे असा नजराणा पाठवला आणि तुकोबांनी तो परत केला, असं सांगतात. “दिवट्या छत्री घोडे । हें तों बऱ्यांत न पडे ॥” हा अभंग त्या प्रसंगाशी जोडला जातो. पण मला नजराणा नाकारण्यापेक्षा खतं बुडवणं मोठं वाटतं. दुसऱ्याने दिलेलं नको म्हणणं त्या मानाने सोपं आहे.

याच तुकोबांच्या आयुष्यात आणखी एकदा कागद नदीत गेले. या वेळी अभंगांच्या वह्या. शूद्राने असं लिहू नये असा आक्षेप आला आणि वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. कर्जखतं बुडवताना ज्यांच्या मनाला काही झालं नाही, ते आता नदीकाठच्या शिळेवर अन्नपाणी सोडून तेरा दिवस बसले. वह्या वर आल्या असं परंपरा सांगते. मी त्या चमत्काराबद्दल इथे बोलत नाही. मला ते तेरा दिवस महत्त्वाचे वाटतात. संपत्ती म्हणजे फक्त पैसा नव्हे. “आम्हां घरीं धन शब्दांचींच रत्नें” असं म्हणणाऱ्या माणसाची रत्नं पाण्यात गेली होती, आणि तो विव्हळला. भरवसा असलेला माणूस दगड होत नाही. त्याला दुखतं, तो देवाशी भांडतो, धरणं धरतो. फक्त तो दुसरीकडे कुठे जात नाही, तिथेच बसतो.

मग कमवायचंच नाही का?

हा प्रश्न येतोच, आणि त्याचं उत्तर तुकोबांच्या एका ओळीत आहे: “जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी ॥” धन जोडा, पण चांगल्या व्यवहाराने, आणि खर्च करा, पण त्यात जीव अडकू न देता. इथला उदास म्हणजे दुःखी नव्हे, अलिप्त. कमवू नका असं तो माणूस म्हणत नाही. सावता माळ्यांनी मळा सोडला नाही, गोरोबांनी चाक थांबवलं नाही. वारकरी संप्रदाय हा मुळात प्रपंचात राहणाऱ्यांचा आहे.

“ठेविलें अनंतें तैसेंचि राहावें । चित्तीं असों द्यावें समाधान ॥” ही ओळ मात्र फार चुकीच्या तोंडून वापरली जाते. मजुरी वाढवून मागणाऱ्याला, हक्काची जमीन मागणाऱ्याला, सासरी छळ सोसणाऱ्या सुनेला ती ऐकवली जाते. स्वतःच्या मनाला सांगायचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडावर मारलं की त्याचं विष होतं.

आणि घरातल्या घरात एक गोष्ट तपासायला हवी, ती म्हणजे माझ्या भरवशाचा भार कुणाच्या खांद्यावर पडतो आहे. तुकोबा डोंगरावर नामात रंगलेले असताना पोरांच्या तोंडात घास घालण्याची चिंता त्यांच्या दुसऱ्या बायकोने, जिजाईंनी वाहिली. भाकरी घेऊन भंडाऱ्याचा डोंगर चढणाऱ्या जिजाई आपल्या कथांमध्ये आहेत, पण कजाग बायको म्हणून. मला ते मान्य नाही. रागावण्याचा तिला पूर्ण हक्क होता. योगक्षेमं वहाम्यहम् हे वचन देवाने दिलं होतं, देहूच्या त्या घरात ते बऱ्याच अंशी तिने निभावलं.

पैसा हातात असूनही आधार मानला नाही, याचं अलीकडचं उदाहरण गाडगेबाबांचं. १८७६ ते १९५६ हा त्यांचा काळ. अंगावर चिंध्या, डोक्यावर खापर, हातात खराटा. याच माणसाने लोकांच्या देणग्यांतून पंढरपूर, नाशिक, आळंदीसारख्या ठिकाणी मोठाल्या धर्मशाळा बांधवल्या. एवढा पैसा हातांखालून गेला, पण हाताला चिकटला नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. आणि हेच गाडगेबाबा कीर्तनात लोकांना सांगत: कर्ज काढून सण करू नका, पोरांना शिकवा, एक वेळ हातावर भाकरी घेऊन खा पण शिकवा. स्वतःला काही नको असलेला माणूस गरिबाच्या पैशाची किती बारीक काळजी करतो ते पाहा. देवावर भरवसा आहे म्हणून हिशेब सोडा, असं त्यांनी कधी सांगितलं नाही.

हा भरवसा येतो कसा, हे मात्र विचार करून कळत नाही. त्याचा सराव लागतो. वारकऱ्यांच्या नेमांकडे मी आता त्या दृष्टीने पाहते. एकादशी म्हणजे महिन्यातून दोनदा आपणहून उपाशी राहणं. ताटात अन्न असताना न जेवता, तरीही आपण मोडून पडत नाही हे शरीराला दाखवणं. (साबुदाणा, वऱ्याचे तांदूळ आणि शेंगदाण्याची आमटी यांनी त्या दिवसाचं काय केलं आहे ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, पण मूळ हेतू तो होता.) आणि आषाढीची वारी. शेतकऱ्याच्या वर्षातला सगळ्यात जीव टांगणीला लावणारा महिना कोणता? पेरणीचा. बियाणं मातीत गेलेलं, खताचे पैसे उधार आणलेले, आणि पाऊस कधी येईल, दुबार पेरणी करावी लागेल का, काहीच हातात नाही. नेमक्या त्या दिवसांत देहू-आळंदीहून पालख्या निघतात, आणि लाखो शेतकरी शेत पावसावर, घर घरच्यांवर सोडून सुमारे तीन आठवडे पायी चालतात. सगळं स्थिरस्थावर झाल्यावर, पीक घरात आल्यावर देवाकडे जायचं, असा हिशेब त्यांनी ठेवला नाही.

पण त्याच दिंडीत मागे सामानाचा ट्रक असतो, पाण्याचा टँकर असतो, जेवणाची भिशी आधी भरलेली असते, कुठल्या गावात कुणाच्या अंगणात उतरायचं ते ठरलेलं असतं. भरवसा आणि व्यवस्था यांचं तिथे भांडण नाही. पाऊस तंबूवर कोसळला की मेख ठोकायला सगळे धावतात, नंतर पुन्हा टाळ वाजायला लागतात.

आत्याचं पासबुक

हे सगळं मला पुस्तकांतून समजलं त्यापेक्षा जास्त माझ्या आत्याकडून समजलं. ती अंगणवाडीतून निवृत्त झाली. आयुष्यभराची पुंजी तिने गावातल्या एका पतसंस्थेत ठेवली. पिग्मीवाला रोज दारात यायचा, ओळखीचा होता, व्याज बँकेपेक्षा दोन टक्के जास्त. बँकेतल्या ठेवींना पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवींना ते नसतं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आम्हालाही माहीत नव्हतं. म्हणून हा लेख वाचणाऱ्या प्रत्येकाला कळकळीने सांगते, घरच्या म्हाताऱ्या माणसांच्या ठेवी कुठे आहेत ते आजच विचारून घ्या. देवावर भरवसा ठेवणं म्हणजे चौकशी न करणं नव्हे.

एका सकाळी पतसंस्थेचं शटर उघडलंच नाही.

आत्याच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. चाळीस वर्षं तिचा संध्याकाळचा हरिपाठ चुकला नव्हता. तो बंद झाला. जवळजवळ दोन महिने तिने देवघरात दिवा लावला, पण तोंडातून शब्द काढला नाही. नातेवाईक येत, देव परीक्षा पाहतो म्हणत, आणि ती भिंतीकडे पाहत बसे. मग एका संध्याकाळी तिने आपणच हरिपाठ सुरू केला. काही दिवसांनी मी भीत भीत विचारलं, आत्या, पुन्हा कशी सुरुवात केलीस?

ती म्हणाली, “पैसे परत यावेत म्हणून नाही गं. संध्याकाळ झाली की डोक्यात तीच बेरीज सुरू व्हायची. किती होते, व्याज किती झालं असतं, आता किती येतील. बेरीज करून करून दमले. म्हटलं, तुझी तू कर आता.”

तुझी तू कर. वहामि या शब्दाचा याहून सोपा अर्थ मला कुठल्या टीकेत सापडलेला नाही. तुकोबांच्या एका अभंगात हीच गोष्ट आहे: “जेथें जातों तेथें तूं माझा सांगाती । चालविसी हातीं धरूनियां ॥ चालों वाटे आम्ही तुझाचि आधार । चालविसी भार सवें माझा ॥” वाट तीच, चालायचं आपल्यालाच. भार मात्र कुणीतरी सोबतीने उचलला आहे.

तिने पैशांचा नाद सोडला असं नाही. सहकार खात्याच्या कार्यालयात ती अजून फेऱ्या मारते. शपथपत्र, ठेव पावतीची झेरॉक्स, आधारकार्ड, सगळं एका पिशवीत. एकदा तिच्यासोबत मीही गेले होते. तालुक्याच्या त्या व्हरांड्यात पन्नासेक ठेवीदार होते, बरेचसे म्हातारे, काहींना लिहिता येत नव्हतं. आत्या बाकावर बसून एकेकाचा अर्ज भरून देत होती. ठेव क्रमांक कुठला, वारसाचं नाव कुठे लिहायचं, अंगठा कुठे. पूर्वी ती अशी नव्हती. पैशांच्या बाबतीत ती कुणाला जवळ येऊ द्यायची नाही, पासबुकसुद्धा आम्हाला दाखवायची नाही. पाच वाजता खिडकी बंद झाली तेव्हा तिचा स्वतःचा अर्ज द्यायचा राहूनच गेला होता. मला राग आला. ती म्हणाली, “उद्या येऊ, उद्याही उघडंच आहे.”

परतीच्या एसटीत आम्हाला मागची बाकं मिळाली. खिडकीची काच बसत नव्हती, पावसाचे थेंब आत येत होते. तिने कागदांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, पदर डोक्यावर घेतला आणि हळू आवाजात सुरू केलं, देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी.